आगाऊ अभिनंदन

राजवीरच्या चिठ्ठीत ‘सेट’ हा शब्द निघाला आणि रुचिता मगदूमच्या पोटात गोळा आला.

तसा तिच्या पोटात गोळा यायला मोठं निमित्त लागत नसे. कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा उशिरा झाली, राजवीर नेहमीपेक्षा लवकर झोपला, शिरोली एमआयडीसीतून नवऱ्याचा अवेळी फोन आला, शाळेच्या ग्रुपवर नुसतं ‘डिअर पेरेंट्स’ उमटलं, की गोळा हजर. पण ते सगळे गोळे येणारे-जाणारे होते. हा मुक्कामाला आला.

शाळेचा कार्यक्रम होता ‘एक शब्द, अनेक उपयोग’. सीनिअर केजीतल्या प्रत्येक मुलानं एक चिठ्ठी उचलायची. तीत एक साधा, रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द. त्या शब्दाचे जेवढे उपयोग सापडतील तेवढ्या वस्तू आईनं जमवायच्या, ट्रेमध्ये मांडून स्टेजवर मुलाशेजारी उभं राहायचं आणि मुलानं एकेक वस्तू दाखवून बोलायचं. इंग्रजीत बोललं तर उत्तम, मराठीत चालेल. वर परीक्षक, पाहुणे, बक्षीस, सगळं रीतसर. राजवीरच्या पुढच्या मुलीला ‘रिंग’ निघाला. तिची आई तिथल्या तिथं बोटातली अंगठी, कानातली रिंग आणि पर्समधली किल्ल्यांची रिंग दाखवून मोकळी झाली. नशीब असतं एकेकीचं.

“मॅडम, जरा बोलायचं होतं,” स्वप्नाली मिस रुचिताला बाजूला घेऊन म्हणाल्या. “राजवीर गोड मुलगा आहे. पण वर्षभरात मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. या कार्यक्रमात बघू. बोलला तर पहिलीत पाठवू. नाही बोलला, तर अजून एक वर्ष इथंच राहू दे. त्याच्याच भल्यासाठी.”

‘त्याच्याच भल्यासाठी’ असं म्हणून आजवर ज्यांनी ज्यांनी रुचिताला काही सांगितलं होतं, त्यातून कुणाचंही भलं झाल्याचं तिला आठवत नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत तिला डोळ्यांसमोर दाढी फुटलेला राजवीर दिसायला लागला, गळ्यात कार्टूनची पाण्याची बाटली अडकवून सीनिअर केजीच्या रांगेत उभा असलेला. रिक्षावाल्यानं राजवीरला विचारलं, “काय नाव रं बाळा तुजं?”

“राजवीर,” रुचिता म्हणाली.

घरी येऊन तिनं कॉलेजातला जाडजूड शब्दकोश काढला. ‘सेट’ हा शब्द एवढासा, पण पानामागून पान उलटलं तरी त्याची वरात संपेना. सूर्य सेट होतो, हाड सेट करतात, टेबल सेट करतात, सापळा सेट करतात. हे सगळं ट्रेमध्ये कसं मांडायचं? सूर्य तर मावायचाच नाही. हाड मावेल, पण मगदूम जैन. तिनं घाईनं शब्दकोश मिटला. मिटण्याचं खरं कारण निराळं होतं. या शब्दाशी तिचं जुनं वैर होतं. इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्यावर प्राध्यापक व्हायचं म्हणून तिनं सेट नावाची परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा आपटली होती. गल्लीला याचा पत्ता नव्हता. परीक्षेच्या दिवशी ‘माहेरी गडहिंग्लजला जाऊन येते’ असं सांगून ती राजवीरला घेऊन बाहेर पडायची. ‘राजवीरसाठी करिअर सोडलं,’ असं ती हळदीकुंकवात सांगत असे, आणि बायका हळहळत. ती हळहळ तिला फार जपायची होती.

ट्रेसाठी तिनं तीनच वस्तू ठरवल्या. खेळण्यातला टी-सेट, स्टीलच्या डब्यांचा सेट आणि कपात लावलेलं दही. टी-सेट घरात होता. उरलेल्या दोन्हींसाठी सीताबाईंकडे जावं लागणार होतं.

सीताबाई शेजारी राहायच्या. परड्यात दोन म्हशी, जिभेवर तिसरी. दही मात्र असं लावायच्या की सुरीनं कापावं. रुचिताचं दही जन्मात कधी लागलं नाही, कारण विरजण लावल्यावर ती दर थोड्या वेळानं झाकण उघडून ‘लागलं का’ बघायची.

“सेट म्हंजे काय गं पोरी?” सीताबाईंनी डबे काढता काढता विचारलं.

रुचितानं समजावून सांगितलं. शाळेनं दिलेली तंबीही सांगितली. सांगायला नको होती. डोळ्यांत पाणी आलं की तिच्या तोंडातून सगळंच बाहेर पडत असे.

“अगं मग सोपं हाय की! आमची सून केसं सेट करून घिती. तिचा नवरा टीव्हीचा सेट बदलतोय. त्या पलीकडच्याची पोरगी पुण्यात सेट झालीया. सगळं जग सेट हाय, आपूनच तेवढं राह्यलोय.” मग त्या राजवीरकडं वळल्या. “काय रं वाघा, बोलणार न्हवं?”

“बोलणार की मावशी,” रुचिता म्हणाली. “सगळं पाठ झालंय त्याचं.”

“मी त्येला इचारलं.”

“लाजतो तो.”

सीताबाईंनी राजवीरकडं बघितलं, रुचिताकडं बघितलं, आणि सगळ्यात वरचा डबा फडक्यानं पुसला. त्या काही बोलल्या नाहीत, याचीच रुचिताला जास्त भीती वाटली.

डबे घरी आणेपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. मगदुमांच्या पोराला शाळेत इंग्रजी बोलायचंय आणि त्यासाठी सेट लागतायत. कुणी नवीन लग्नातला सोन्याचा सेट घेऊन आलं (तो चोरीला जाईल या धास्तीनं रुचितानं हातसुद्धा लावला नाही). कुणी कॅरमच्या सोंगट्यांचा सेट आणला, त्यात राणी नव्हती. नवरा पारस फौंड्रीतून आला तो म्हणाला, “आमच्याकडचा साचा नेऊया का? वाळूचा. सेट व्हायच्या आत हलवायचा नाही फक्त.” पारसच्या लेखी जगात जे काही चालतं ते शेवटी वाळूच्या साच्याशी येऊन थांबे. लग्न ठरताना तिला ते गोड वाटलं होतं.

तिचे सासरे धनपाल आण्णा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. त्यांनी तोंडातली कवळी काढली, तळहातावर ठेवली आणि बोळक्यानं हसत म्हणाले, “माझा बी एक शेट हाय की. ने.”

राजवीर खदखदून हसला. तो फक्त आण्णांशी आणि सीताबाईंच्या रेडकाशी बोलायचा.

“ईऽऽ! आण्णा, ठेवा बघू आत! इन्फेक्शन होतं,” रुचिता ओरडली आणि हा विषय संपला, असं तिला वाटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गल्लीच्या तालमीचा अध्यक्ष केरबा दारात येऊन उभा राहिला.

“वैनी, गल्लीचं पोरगं इंग्रजी बोलाय चाललंय, आणि आमाला सांगणं न्हाय? साऊंडचा अख्खा सेट टेम्पोत घालून शाळेत लावतो. तुमी फक्त व्हय म्हणा.”

“नको, नको केरबादादा! लहान मुलांचा कार्यक्रम आहे.”

“बरं, टेम्पो न्हाय. पण आमच्याकडनं काय तरी पायजेच की.”

तो ‘काय तरी’ काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. दोन दिवसांनी राजवीरला शाळेत सोडून येताना गल्लीच्या तोंडाला ती जी थबकली, ती मागून येणाऱ्या स्कूटरनं हॉर्न वाजवेपर्यंत हलली नाही.

विजेच्या दोन खांबांच्या मधे फ्लेक्स लागला होता. मधोमध राजवीर. फोटो वाढदिवसाचा, पण डोळ्यांवर काळा गॉगल छापणाऱ्यानं आपल्या मनानं चढवलेला. त्याच्या मागं एक वाघ, वाघाच्या मागं पृथ्वीचा गोल. वर भगव्या अक्षरांत: ‘इंग्रजी भाषेचा ढाण्या वाघ, बालवक्ते कु. राजवीर पारस मगदूम यांनी स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे फोटो, सगळे मोबाईल कानाला लावलेले. जणू एकमेकांनाच ही बातमी कळवतायत.

“केरबादादा! स्पर्धा अजून व्हायचीय!”

“म्हायती हाय की,” केरबा शांतपणे म्हणाला. तो खांबाखाली उभा राहून कलाकृती न्याहाळत होता. “पण आमच्या उपाध्यक्षाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापाय टाकलाच हुता. त्येच्यातच ह्यो बी उरकला. आणि वैनी, निकालाच्या आदी गुलाल आणून ठेवायचा असतोय. ऐनवेळी दुकानात मिळत न्हाय.”

“आणि तो नाही बोलला तर?”

“बोलतोय की! फ्लेक्स लागलाय म्हटल्यावर न बोलून काय करंल?”

“उतरवा हो तो, पाया पडते.”

“लावलेला फ्लेक्स निकालाआदी उतरवायचा म्हंजे अपशकुन,” केरबा म्हणाला आणि ‘अपशकुन’ हा एकच शब्द तिच्या डोक्यात असा काही बसला, की उतरवण्याचा आग्रह करायलाही ती भ्यायली.

मग ती वॉर्ड ऑफिसात गेली. अनधिकृत फलकांबद्दल तक्रार केली तर फ्लेक्स सरकारच उतरवेल, म्हणजे अपशकुन सरकारला लागेल. टेबलामागच्या साहेबांनी तिच्या मोबाईलमधला फ्लेक्सचा फोटो मोठा करून बघितला.

“पोरगं कोणाचं?”

“माझं.”

“म्हणजे फलक तुमचा.”

“मी नाही हो लावला!”

“ताई, फोटो ज्याचा, फायदा त्याचा. फायदा ज्याचा, फलक त्याचा. तक्रार लिहून द्या, आम्ही उतरवतो, आणि दंडाची नोटीस...” साहेबांनी चष्म्यावरून फ्लेक्सवरची ओळ वाचली, “कुमार राजवीर यांच्या नावानं काढतो. वय काय त्यांचं?”

रुचिता ‘पाणी पिऊन येते’ म्हणून बाहेर आली ती थेट घरी. रस्ताभर तिला राजवीर गॉगल लावून कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसत होता, आणि न्यायाधीश विचारत होते, ‘आरोपी बोलत का नाही?’

खरी कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पडली. स्वप्नाली मिसची स्कूटी रोज त्याच रस्त्यानं येत असे.

“अभिनंदन हं मॅडम,” मिस म्हणाल्या. “निकाल लागल्याचं आम्हालाही कळवा कधीतरी.”

तिथून पुढं रुचितानं राजवीरची जी तालीम घेतली, ती केरबाच्या तालमीतही कुणी घेतली नसेल. सकाळी दात घासताना, रिक्षात, जेवताना. “बोल, धिस इज अ टी-सेट. बोल ना. अरे असं बघ, धिस इज. तोंड उघड. बरं, मी म्हणते, माझ्या मागून म्हण.” राजवीर तिच्या तोंडाकडं मोठ्या कुतूहलानं बघत राही. तीच म्हणे, तीच दुरुस्त करी, तीच ‘शाब्बास’ देई. अधूनमधून गल्लीत कुणी फ्लेक्सबद्दल विचारलं की त्यालाही तीच उत्तर देई. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिनं “राजवीर, ऊठ” म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. घसा पार बसला होता. सीताबाईंनी ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली, हळदीचं दूध दिलं, आणि “आता तरी गप बस,” असा सल्लाही दिला, पण तो औषध म्हणून की कसा, हे काही कळलं नाही.

त्यातच आण्णांची कवळी हरवली. जैन बस्तीत दर्शनाला जायच्या आधी त्यांनी ती वाटीत ठेवली होती. येऊन बघतात तर वाटी रिकामी. सगळं घर उलथंपालथं झालं. रुचितानं मोरीची जाळीसुद्धा काढून बघितली. कुजबुजत्या आवाजात तिनं राजवीरला विचारलं, “आण्णांचे दात बघितलेस का रे?” आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, “तुला कुठलं माहीत असणार.” आण्णांनी दुपारी नुसती पेज घेतली. “कार्यक्रम झाल्यावर शोधूया,” ते म्हणाले. “संध्याकाळी दिवस मावळायच्या आत एक भाकरी खाल्ली की झालं.” दिवस मावळल्यावर आण्णा काही तोंडात घालत नसत. उभ्या आयुष्यात हा नेम मोडला नव्हता. पण दातांशिवाय भाकरी कशी खाणार, हे कुणी बोललं नाही.

कार्यक्रम तीनचा होता. प्रमुख पाहुणे आले तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून आडवं येऊन स्टेजवर पडलं होतं. रिंगवाली मुलगी पोपटासारखी बोलली. तिनं आणखी एक टेलिफोनची रिंगही वाजवून दाखवली. मागच्या रांगा गल्लीनं भरल्या होत्या. केरबानं टेम्पो आणला नव्हता, पण टेम्पोत मावतील एवढी माणसं आणली होती. पुढं पारसशेजारी आण्णा बसले होते, ओठ आत गेलेले, नजर खिडकीवर.

“राजवीर मगदूम!”

रुचिता ट्रे धरून उभी राहिली.

“व्हॉट हॅव यू ब्रॉट, राजवीर?” स्वप्नाली मिसनी माईक पुढं केला.

सवयीनं रुचितानं तोंड उघडलं. हवा आली. तिनं पुन्हा जोर लावला. माईकमधून फक्त ‘ह्हह’ असा आवाज सभागृहभर फिरला, आणि मागं कुठलं तरी बाळ रडायला लागलं. राजवीर गप्प. मिसनी परीक्षकांकडं बघितलं. एका परीक्षकानं पेनाला टोपण लावलं. संपलं, रुचिताला वाटलं. अजून एक वर्ष. दाढी, पाण्याची बाटली, सगळं.

राजवीरनं आईच्या तोंडाकडं बघितलं. तिथून काही येत नाही अशी त्याची खात्री पटली. मग त्यानं खिडकीकडं बघितलं. ऊन भिंतीवरनं वर चाललं होतं. मग आण्णांकडं. आणि त्यानं चड्डीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून ट्रेच्या मधोमध ठेवली.

“ह्यो आमच्या आण्णांचा दातांचा सेट हाय,” तो म्हणाला. “लवकर करा. दिवस मावळाय लागलाय. नंतर आण्णा जेवत न्हाईत.”

सभागृहात आधी कुणाला काही कळलंच नाही. मग आण्णा बोळक्यानं हसले, आणि मागच्या रांगांमधून असा काही हशा फुटला की पाहुण्यांच्या गळ्यातला हार हलला. रुचिताला ‘राजवीर!’ असं दटावायचं होतं. जमलं नाही. आणि मधे कुणीच बोलत नाही म्हटल्यावर राजवीर पुढं सुटला.

“मला ह्योच सेट आवडतो. डब्यांचा सेट सगळ्यांच्या घरात असतोय. ह्यो सीतामावशीचा हाय. ह्येचं मधलं झाकण बसत न्हाई, पण तिला बोलायचं न्हाई. हे दही हाय. ह्येला हलवायचं न्हाई, मग ते सेट हुतंय. मम्मी सारखं झाकण काढून बघती, म्हणून आमच्यात दही हुत न्हाई.”

सीताबाईंनी मागून “बरोबर हाय वाघा!” अशी दाद दिली. रुचितानं ट्रे घट्ट धरला. आता थांबेल, आता थांबेल.

“आणि अजून एक सेट हाय,” राजवीर म्हणाला, “त्यो ट्रेमधी बसत न्हाई. त्यो परीक्षेचा हाय. मम्मी त्यात दोनदा नापास झालीया. गडहिंग्लजला गेलतो म्हणून सांगायचं. पण आमी न्हवतो गेलतो. आता ती परीक्षाला बसत न्हाई. तिला भ्या वाटतं.” तो क्षणभर थांबला. “मला बी वाटत हुतं.”

मग कवळी रुमालात घेऊन तो स्टेजच्या पायऱ्या धडाधड उतरला आणि पळत आण्णांकडं गेला.

रुचिता ट्रेसकट तशीच उभी होती. मागच्या रांगेतली सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती. इतक्या वर्षांची ती हळहळ एका झटक्यात नाहीशी झाली होती, आणि तिच्या जागी काय येणार, हे बघायची तिची छाती नव्हती.

पहिलं बक्षीस ‘रिंग’ला गेलं. राजवीरला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, सगळ्यांना मिळतं ते. स्वप्नाली मिस म्हणाल्या, “पहिलीची काळजी करू नका आता. पहिलीच्या बाईंना मात्र मी आधीच सावध करून ठेवते.” शाळेच्या पायऱ्यांवर बसून आण्णांनी पारसनं डब्यातून आणलेली भाकरी खाल्ली, शेवटचा घास संपला तेव्हा समोरच्या टेरेसवर ऊन जेमतेम उरलं होतं. सीताबाई आल्या आणि रुचिताच्या हातातल्या ट्रेमधले डबे उचलत म्हणाल्या, “झाकण बसत न्हाई व्हय गं?” रुचिताला वाटलं, आता परीक्षेचं काढतील. त्यांनी नाही काढलं. नुसतं तिच्या पाठीवर थाप मारली, म्हशीला मारतात तशी, आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाला दोन मोकळे खांब दिसले. वाघ नाही, पृथ्वी नाही, काळा गॉगल नाही. कितीतरी दिवसांनी रुचिताच्या पोटातला गोळा उठून चालता झाला. घसाही थोडा सुटला होता.

संध्याकाळी राजवीरचा हात धरून ती भाजी घेऊन परतली, तर खांबांखाली गर्दी.

तोच वाघ. तोच पृथ्वीचा गोल. मधोमध तिचा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. ‘सेट परीक्षेत घवघवीत यश संपादन करून प्राध्यापकपदाकडे झेप घेतल्याबद्दल गल्लीची वाघीण सौ. रुचिता पारस मगदूम यांचे हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुकांत या खेपेला सीताबाईसुद्धा होत्या. त्यांच्याही कानाला मोबाईल होता.

“केरबादादा,” तिच्या घशातून घोगरा आवाज आला, “मी अजून फॉर्मसुद्धा भरला नाही हो.”

“मग भरा की! आमी काय लगेच काढत न्हाय. निकालापातूर ऱ्हातोय ह्यो.”

तिला वॉर्ड ऑफिस आठवलं. दंडाची नोटीस कुणाच्या नावानं निघेल, हेही आठवलं. वर बघवेना आणि खाली बघवेना. कोपऱ्यावरून एक पाव्हणं सायकल हातात धरून चालले होते, ते फ्लेक्सकडं बघत थांबले आणि राजवीरला म्हणाले, “का रं पोरा, ही कोण?”

रुचितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं.

“माझी मम्मी,” राजवीर म्हणाला. “पास न्हाई झाली अजून. पण फ्लेक्स लागलाय म्हटल्यावर आता काय करती बिचारी!”